एल्मीला हात किती?

जाळीचा एक जुना झुला तुमच्याशी बोलतो आहे, मित्रांनो. माझा निळा रंग धुऊन धुऊन फिकट झाला आहे, आणि पिवळा कुठे कुठे होता हे आता मलाच शोधावे लागते. माझ्या एका टोकाला गाठींची एक रांग आहे. मुले तिच्यावरून बोट फिरवतात आणि विचारतात, हे काय? त्या गाठींचीच गोष्ट मी सांगणार आहे.

माझा जन्म मेक्सिकोतल्या युकातानच्या एका खेड्यात, डोन्या फिदेन्सियाच्या, म्हणजे फिदेन्सियाबाईंच्या, अंगणात झाला. दोन उभ्या दांड्यांची चौकट, तिच्यावर ताणलेले सूत आणि त्यातून इकडून तिकडे पळणारी लाकडी सुई. फिदेन्सिया उभ्याने विणत असे. चुलीवर काळा घेवडा चढवायचा आणि चार ओळी विणायच्या. टर्कींना परसातून हाकलायचे आणि पुन्हा चार ओळी विणायच्या. असे अडीच महिने चालले. शेवटी तिने माझ्या दोन्ही टोकांना लांब दोऱ्यांचे जुडगे ओवले. त्या जुडग्यांना आमच्याकडे झुल्याचे हात म्हणतात. म्हणजे मला हात दोन, आणि बाकी सगळे पोट.

फिदेन्सियाच्या मुलाचे, वेन्सेसचे, शेजारच्या गावातल्या एल्मीशी लग्न झाले तेव्हा मी तिच्या गावातल्या त्यांच्या घरी आलो. आमच्या घरांत खाटा नसतात. माणूस झुल्यात झोपतो, झुल्यात रुसतो, आणि पाहुणा आला तर त्यालाही झुल्यातच बसवतात. मात्र झुल्यातले माणूस उठले, की झुलाही उचलून खुंटीला गुंडाळायचा. रिकामा झुला लोंबत ठेवायचा नाही. हा नियम का आहे, ते मला पुढे कळले.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गास्पार आला. तो सव्वादोन वर्षांचा झाला आणि रुबी आली. वेन्सेस समुद्रकाठच्या हॉटेलांच्या बांधकामावर कामाला होता. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी तो घरी येई. मधल्या सगळ्या दिवसांत घरात एल्मी, दोन मुले आणि मी.

मित्रांनो, मी जन्मभर एका जागी टांगलेला. मला पाहण्यावाचून दुसरे काम नाही. पण रुबीच्या पहिल्या तीन महिन्यांत मी जे पाहिले, त्याने माझे सूतन् सूत थक्क झाले.

सकाळी रुबी माझ्यात निजलेली असे. माझ्या कडेला बांधलेल्या दोरीचे दुसरे टोक चुलीपाशी बसलेल्या एल्मीच्या पायाच्या अंगठ्याला. ती अंगठा ओढी, मी हले. तिचे हात मक्याच्या भाकऱ्या थापत, डोळे गास्पारच्या मागे दारापर्यंत जाऊन परत तव्यावर येत, आणि ओठांवर तिचे तिनेच जुळवलेले गाणे असे:

पायाच्या अंगठ्याला दोरी, हात माझे पिठामधी,
बाळी निजते झुल्यामधी, दादा पळतो दारामधी.

दादाच्या मुठीमधी तीन दाणे घेवड्याचे,
बाळीच्या मुठीमधी टोक माझ्या करंगळीचे.

गाणे मध्येच तुटे. "गास! तो दाणा नाकात नाही घालायचा! काढ. काढला? दुसऱ्या नाकपुडीतला?" आणि पुन्हा तिथूनच पुढे सुरू होई, ठेका न चुकता.

रुबी रडली तर ते रडणे भुकेचे आहे, मुंगी चावल्याचे आहे की उगाच आहे, हे एल्मी परसात धुणे धुताना तिथूनच ओळखी. मी रुबीच्या अंगाखाली असूनही मला ते कळत नसे.

एकदा शेजारीण डोन्या मेल्बा मीठ मागायला आली. एल्मी रुबीला पाजत होती, एका हाताने गास्पारची चड्डी वर ओढत होती, आणि एका पायाने तिने भाकरी पळवणाऱ्या टर्कीला अडवून धरले होते. तिने नुसती हनुवटी फडताळाकडे केली.

"वाय!" मेल्बा हसत म्हणाली. "तू हनुवटीलाही कामाला लावलंस की गं!"

"एकटीच रिकामी बसली होती, डोन्या मेल्बा."

आता एक गोष्ट तुम्हांला सांगायला हवी. आमच्याकडे तान्ह्या मुलाला कुणी कडेवर घेत नाही. मुलगी असेल तर तीन महिने थांबायचे, कारण चुलीचे दगड तीन. मुलगा असेल तर चार महिने, कारण मक्याच्या शेताचे कोपरे चार. तोवर बाळाला आडवेच धरायचे, दोन्ही हातांवर. दिवस भरले की धर्ममाय येते, बाळाचे पाय फाकवून त्याला पहिल्यांदा कडेवर बसवते आणि टेबलावर मांडलेल्या नऊ वस्तूंभोवती नऊ फेरे घेते. याला हेत्समेक म्हणतात; कडेवरून पहिल्यांदा जे दिसेल ते बाळाच्या अंगी येते. त्याआधी कुणी बाळाला कडेवर घेतले तर त्याचे पाय मोकळे होत नाहीत, त्याला वाट नीट चालता येत नाही, असे आमची माणसे मानतात.

म्हणजे तीन महिने एल्मीचे दोन्ही हात रुबीने अडवलेले. गास्पार आईपुढे हात वर करून उभा राही, आणि वर जागाच नसे.

"रुबीला टर्कीला दे," तो म्हणे.

"टर्की घेत नाही रे."

"मग चीचला दे." चीच म्हणजे आजी, फिदेन्सिया.

आणि चीच मात्र त्यालाच मागत होती. रुबी दोन महिन्यांची झाली तेव्हा ती येऊन माझ्यात बसली आणि म्हणाली, "एल्मी, पोरगा माझ्याकडे दे. धाकटी चालायला लागेपर्यंत राहील. आमच्यात पूर्वीपासून असंच करतात."

"माझी दोन्ही माझ्याच घरात वाढतील, आई."

"तुझा हट्ट कळतो मला. पण तुला हात दोनच आहेत, पोरी. एक दिवस कमी पडतील. त्या दिवशी मी विचारणार नाही, सरळ घेऊन जाईन."

 त्या दिवसापासून सासूच्या रिक्षाचा आवाज आला की ती आधी गास्पारचे नाक पुसायला धावे.

रुबीचे हेत्समेक रविवारी ठरले होते. जे घडायचे ते घडले त्याच्या आधीच्या मंगळवारी.

एल्मीने रुबीला माझ्यातून उचलले आणि पाजायला परसात नेले. मला खुंटीला गुंडाळायचे ती विसरली. एवढीच चूक, मित्रांनो. दिवसभरात शंभर गोष्टी लक्षात ठेवणारी बाई एक विसरली.

गास्पार आला. त्याने रिकामा झुला पाहिला. त्याच्या दृष्टीने ती त्याची जागा होती, कुणीतरी घेतलेली आणि आता मोकळी झालेली. तो माझ्यात चढला, "गास बाळ, गास बाळ" म्हणत गोल गोल लोळू लागला. मला त्याचा हा खेळ आवडला. एक वेढा बसला, मग दुसरा, मग तिसरा. मग त्याचा पाय जाळीतून खाली सुटला, अंग माझ्या डाव्या हाताकडे घसरले, आणि त्या हाताची एक दोरी त्याच्या मानेशी आली.

मी सुताचा. मला एकच येते. वजन आले की आवळायचे. माया करतानाही मला आवळताच येते, आणि तेव्हाही मी आवळतच होतो. मी थांबू शकत नव्हतो.

गास्पारचा आवाज बंद झाला.

मला वाटायचे, आई मुलाच्या रडण्याने धावत येते. त्या दिवशी मी पाहिले, मूल गप्प झाले की ती त्याहून वेगाने येते. रुबी तिच्या दोन्ही हातांवर आडवी होती. पुढचे सगळे इतके पटकन झाले, की तुम्ही दोनदा पापणी लववाल तेवढ्यात संपले. रुबी कडेवर गेली. एल्मीने सुरी घराच्या कुडाच्या काठ्यांत, मुलाच्या हाताला लागणार नाही अशी वर खोचून ठेवलेली असे. ती सुरी तिच्या हातात आली. माझा एक हात, डावीकडचा, अर्धाअधिक तुटला. गास्पार सुटला. तो खोकला, त्याने श्वास ओढला, आणि सगळे टर्की परसातून उडाले एवढ्या मोठ्याने रडला.

एल्मी जमिनीवर बसली. बराच वेळ ती त्याची मान चोळत होती. लाल वळापलीकडे काही नव्हते. मग तिचे लक्ष गेले, की रुबी अजून कडेवरच आहे. पाय फाकलेले, मान डुगडुगत, डोळे मोठे. जन्मापासून आडवे दिसलेले जग ती पहिल्यांदा उभे पाहत होती.

एल्मीने तिला झटकन पुन्हा हातांवर आडवे घेतले, दुसऱ्याची वस्तू चुकून उचलल्यासारखे. मग दाराकडे पाहिले. बाहेर कुणी नव्हते.

रात्रीसाठी तिने माझा तुटलेला हात कशीबशी एक गाठ मारून जोडला. दिवसा ती मला उलटे गुंडाळू लागली, तुटकी बाजू आत घेऊन. तीन दिवस तिने ते गाणे म्हटले नाही. अंगठ्याची दोरी ओढता ओढता ती रुबीच्या पायांकडे पाहत राही. हळूच ते हलवून पाही. वळतात ना? ताठ तर नाही झाले? आणि गास्पार नजरेआड झाला की हाक मारी, दोन पळांत तीनदा.

शनिवारी वेन्सेसला सुटी नव्हती, पण फिदेन्सिया आली. बरोबर कोंबडी, भोपळा आणि बियांची पिशवी. आल्या आल्या तिची नजर खुंटीकडे गेली.

"झुला उलटा का गुंडाळलाय गं?"

"असाच, आई."

"असाच म्हणे." तिने मला खाली काढले, उलगडले. जिने मला ओळ ओळ विणले तिच्या बोटांना डोळ्यांची गरज नव्हती. बोटे गाठीशी थांबली. "हे काय?"

"उंदीर," एल्मी म्हणाली. "उंदरानं कुरतडलं."

"असं होय. तुमच्या गावचे उंदीर सुरी वापरायला लागले वाटतं."

"उंदीर नाही, चीच," गास्पार मध्येच म्हणाला. "आई. आईनं काप्प केलं. गास अडकला."



मग एल्मी बोलू लागली. उभ्या उभ्या, एका दमात. झुला गुंडाळायला विसरले. मी बाहेर होते. त्याचा आवाज बंद झाला. शेवटी तिने कोपऱ्याकडे बोट केले. तिथे एक लहान गाठोडे होते. गास्पारचे तीन सदरे, चड्ड्या, त्याची चप्पल. "तुम्ही म्हणाला होता तेच झालं, आई. हात कमी पडले. न्या त्याला. मी बांधून ठेवलंय सगळं."

फिदेन्सियाने गाठोड्याकडे पाहिले नाही. ती माझ्या तुटक्या दोऱ्या एकेक करून उजेडात धरत होती. "दाखव मला," ती म्हणाली. "कशी उभी होतीस?"

"आता कशाला, आई?"

"दाखव म्हटलं ना. रुबी कुठं होती?"

रुबी टोपलीत निजली होती. एल्मीने इकडे तिकडे पाहिले, सासूने आणलेला भोपळा उचलला, आणि क्षणभर थांबून तो कडेवर घेतला.

फिदेन्सियाच्या भुवया वर गेल्या. "कडेवर?"

"हो."

"हेत्समेकच्या आधी?"

"पाच दिवस आधी." एल्मीला रडू फुटले. "मी रोज तिचे पाय बघते, आई. माझ्याच हातानं मी तिची वाट बंद केली. एकाला सोडवलं आणि दुसरीला बांधलं."

"थांब. रडायचं नंतर. डावा हात भोपळ्याला. सुरी?"

"उजव्या हातात."

"मग मुलाला कुणी उचललं?"

एल्मीने भोपळ्यावरच्या हाताकडे पाहिले, मग दुसऱ्या रिकाम्या मुठीकडे.

"दोरी कापली म्हणजे तो डोक्यावर पडायला हवा. पडला नाही. कुणी धरला होता? आणि मानेजवळची दोरी? तिच्या खाली त्याची मान. सुरी तिथं घालायची तर दोरी आधी मानेपासून दूर ओढून धरायला हवी. ती कुणी धरली? मी दोऱ्यांत जन्म काढलाय, पोरी. इथं चार हात लागतात. तुझे दोन. बाकीचे कुठून आणलेस?"

"मला खरंच माहीत नाही," एल्मी म्हणाली. "मी पण आठवून पाहिलं. जमतच नाही. हिशेबच लागत नाही."

मला माहीत होते! मी तिथे होतो, मीच तर आवळत होतो! पण झुल्याला जीभ कुठली? मी सगळे सूत ताणून नुसता लोंबत राहिलो. वाचता येत असेल तर वाच, माझे आई. तूच विणले आहेस मला.

आणि तिने वाचले. तिचे बोट एका तुटलेल्या टोकाच्या किंचित वर थांबले. तिथे सूत कापलेले नव्हते. चेपलेले होते. दोन्ही बाजूंनी, बारीक अर्धगोलात.

"हे सुरीचं नाही," फिदेन्सिया सावकाश म्हणाली. "हे दातांचं आहे."

एल्मीचा हात आपोआप तोंडाकडे गेला. मंगळवारपासून तिची एक हिरडी दुखत होती. का ते तिला ठाऊक नव्हते.

"म्हणजे दोरी दातांत होती. आणि मुलगा... झगा वर कर. गुडघा दाखव."

उजव्या मांडीवर, गुडघ्याच्या वर, एक काळानिळा गोल डाग होता. अडकलेल्या मोठ्या मुलाचे वजन तिने उचललेल्या गुडघ्यावर तोलले होते. लेक कडेवर, लेकरू गुडघ्यावर, दोरी दातांत, सुरी हातात, आणि ती सगळी एका पायावर उभी होती. बगळ्यासारखी. आणि डगमगली नव्हती.

फिदेन्सिया मला हातात घेऊन बसूनच राहिली. साठ वर्षे विणणारी बाई. तिच्या हातून अडीचशेएक झुले गेले असतील. पण आपल्याच सुनेकडे ती अशी पाहत होती, जशी मुले पहिल्यांदा समुद्राकडे पाहतात.

"पोरीनं कडेवर बसून पहिल्यांदा काय पाहिलं?" तिने विचारले.

"काय पाहणार, आई? सुरी. आणि भाऊ."

"आणि त्याला सोडवणारी आई. हे लपवण्यासारखं आहे का?" ती उठली. "जे दाखवलं ते दाखवलं. उद्या टेबलावर सुरीही मांडायची. मी मेल्बाला सांगते. आणि ते गाठोडं सोड. सदरे चुरगळतील."

"म्हणजे तुम्ही त्याला नेणार नाही?"

"न्यायलाच आले होते," फिदेन्सिया म्हणाली. "पण मुलगा नेला तर या घरात दोन हात वाढतील का? नाही. मीच राहते. रुबी रांगायला लागेपर्यंत तरी. माझ्यासाठी त्या खांबांना झुला टांग, आणि आधी मला लाकडी सुई दे. हा तुझा दळभद्री गुंता बघवत नाही."

त्या दुपारी तिने मला जोडले. नवे सूत, जुने सूत, नवे, जुने. दात लागलेली दोरी मात्र तिने कापून काढली नाही. तशीच आत विणली.

रविवारी टेबलावर नऊ वस्तू होत्या. उकडलेले अंडे, भोपळ्याच्या बिया, भाजलेल्या मक्याचे पीठ, मीठ, वही, पेन्सिल, शिवणाची सुई, कात्री आणि कातडी म्यानातली सुरी.

"एवढ्याशा बाळाला सुरी?" डोन्या मेल्बा म्हणाली. तीच धर्ममाय होती.

"म्यानात आहे. तू फेरे घे," फिदेन्सिया म्हणाली.

मेल्बाने रुबीला कडेवर बसवले. एल्मी श्वास धरून उभी होती. रुबीचे दोन्ही पाय मेल्बाच्या कमरेला अलगद बिलगले, मोकळे, मऊ, आणि तिने टाचेने मेल्बाला एक सणसणीत लाथ मारली.

"आई गं! हिचे पाय चालत नाहीत कोण म्हणतंय?"

गास्पार मेल्बाच्या झग्याचे टोक धरून मागे फिरत होता. दर फेऱ्याला त्याच्या तोंडात एक बी पडायची. "एक, दोन, दोन, दोन," तो मोजत होता. नऊ झाले तरी तो थांबेना, त्याला अजून बी हवी होती. म्हणून दहावा फेरा झाला. कुणाचे काही बिघडले नाही.

जेवणे झाल्यावर एल्मी भांडी उचलू लागली. फिदेन्सियाने तिच्या हातातली थाळी काढून घेतली. रुबीला एका कडेवर घेतले, गास्पारला दुसऱ्या. "झोप," ती म्हणाली.

"दिवसा, आई?"

"झुला रिकामा लोंबत ठेवायचा नाही, ठाऊक आहे ना? मग पड त्यात."

एल्मी माझ्यात आडवी झाली. गास्पार पोटात आला तेव्हापासून ती माझ्यात कधी एकटी निजली नव्हती. कुशीत, पोटावर, पोटात, कुणी ना कुणी होतेच. डोळे मिटायच्या आतच ती झोपली. मित्रांनो, त्या दुपारी मला पहिल्यांदा कळले, की एकटी आई किती हलकी असते. एवढ्याशा अंगात ते सगळे बळ कुठे मावले असेल, याचे नवल मला अजून संपलेले नाही.

आता घरात नायलॉनचे नवे झुले आले आहेत. गास्पार उंच झाला आहे, आणि रुबी रोज सकाळी शाळेला धावतच जाते. मी बहुतेक दिवस खुंटीवर असतो. कधी माझ्यात मक्याची कणसे ठेवतात, कधी मांजर निजते. माझी तक्रार नाही. तुमच्याकडे मात्र माझ्या दोन मागण्या आहेत. झुला असो की पाळणा, त्यातले मूल उठले की तो उचलून ठेवा, कारण आम्हांला आवळण्यावाचून काही येत नाही. आणि तुमच्या ओळखीत कुणी आई दोन लेकरांपायी एका पायावर उभी दिसली, तर तिच्या कडेवरचे मूल काढून नेऊ नका. आपले दोन हात घेऊन तिच्या घरी जा, आणि तिला म्हणा, तू जरा पड.